ताईचा गाल

थोरलीच्या डाव्या गालावर इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा एक व्रण होता. आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट, गुळगुळीत आणि उजेड पडला की चमकणारा. शाळेच्या नाटकात राजकन्येचं काम मिळालं, तेव्हा आपले कुरळे केस सरळ करावेत म्हणून तिने कुणाला न विचारता त्यांच्यावरून गरम इस्त्री फिरवली होती. केस कुरळे ते कुरळेच राहिले, गालाला मात्र कायमची घडी बसली. राजकन्येचं काम दुसऱ्या मुलीला गेलं. थोरलीच्या वाट्याला चेटकीण आली, आणि ती तिने अशी काही ठसक्यात केली की राजकन्या बोलत असतानाही लोक चेटकिणीकडेच बघत राहिले. त्या दिवसापासून थोरलीने त्या व्रणाची लाज म्हणून धरली नाही. पुढे ती पोस्टात लागली, खिडकीत बसायला लागली. "गालवाल्या बाईंच्या रांगेत उभे राहा, लवकर सुटाल," असं लोक एकमेकांना सांगत. ते तिच्या कानावर यायचं. मग ती आणखी भराभर शिक्के मारायची.

अख्ख्या गावाला ठाऊक असलेला हा गाल घरातल्या एकाही फोटोत मात्र नव्हता. आणि त्याला कारण होती धाकटी.

धाकटी म्हणजे थोरलीची सख्खी बहीण. बारीक चणीची, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं. थोरली तिला अजूनही 'बारके' अशीच हाक मारायची. धाकटीने लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर "राहून गेलं" एवढं म्हणून ती चहा ठेवायला उठायची. थोरलीचा नवरा गेल्यावर दोघी बहिणी एकत्र राहायला लागल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. थोरली बोलायची, धाकटी ऐकायची, आणि शेवटी व्हायचं ते बहुतेक वेळा धाकटीच्या मनासारखं.

धाकटीचा जन्म गेला एका फोटो स्टुडिओत, रिटचिंगच्या टेबलापाशी. फोटो कागदावर छापण्याआधी त्याची निगेटिव्ह दुरुस्त करायची, हे तिचं काम. समोर उताराचं लाकडी टेबल, त्यात काचेची छोटी खिडकी, खिडकीमागून उजेड, आणि त्या उजेडावर ठेवलेली निगेटिव्ह. निगेटिव्हमध्ये जग उलटं असतं. काळे केस पांढरे, पांढरे दात काळे. सुरकुती तिथे पारदर्शक रेघ होऊन येते. सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन त्या रेघेत बारीक ठिपके भरायचे, की फोटोतून सुरकुती गेली. फिकट डाग किंवा चमकणारा व्रण तिथे काळा, दाट दिसतो. तो बारीक पात्याने अलगद खरवडायचा, की फोटोत तो भोवतालच्या कातडीत विरघळून गेला. जिथे खरवडलं तिथे फोटोत काळं होतं, हे धाकटीच्या डोक्यात नव्हे, तर बोटांतच जाऊन बसलं होतं.

"लोकांच्या घरी आरसे आहेत," स्टुडिओचे मालक म्हणायचे. "आपल्याकडे येतात ते आरशाला कंटाळून."

नोकरीला लागली तेव्हा मालकांनी तिची परीक्षा घेतली ती नेमकी थोरलीच्या लग्नाच्या फोटोवर. धाकटीने एका दुपारी ताईचा गाल असा साफ केला की मालकांनी निगेटिव्ह उजेडाला धरून बराच वेळ शोधलं, आणि मग म्हणाले, "उद्यापासून ये." त्यानंतर थोरलीचे जेवढे म्हणून फोटो निघाले, बाळाला मांडीवर घेतलेला, नव्या घरासमोरचा, निवृत्तीच्या दिवशीचा, ते सगळे धाकटीच्या टेबलावरून गेले आणि प्रत्येकातून गाल गेला. कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. हात आपोआप तिकडे जायचा.

पुढे स्टुडिओ बंद पडला. निगेटिव्हची खोकी भंगारवाल्याने नेली. धाकटीने फक्त आपलं पातं घरी आणलं आणि बटणांच्या डब्यात ठेवून दिलं.

*

ठिणगी पडली ती थोरलीच्या पंच्याहत्तरीवरून. तिचा मुलगा, धाकटीचा भाचा, एका संध्याकाळी उत्साहाने आला आणि फोन पुढे केला.

"आई, हा फोटो मोठा करून घेतोय. दिवाणखान्यात लावू. निवृत्तीचा तुझा. मावशीच्या हातचा आहे, बघ ना, एक सुरकुती नाही!"

थोरलीने चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. "कोण रे ही बाई?"

"आई, चेष्टा नको."

"चेष्टा कसली? मी मेल्यावर तुम्ही हिला भिंतीवर टांगणार. येणारे-जाणारे हिच्याकडे बघून उसासे टाकणार. आणि मी कुठे जाऊ?"

"मग नवीन काढू. आत्ता काढतो," म्हणून भाच्याने फोन उचलला. निघालेल्या फोटोत गाल नव्हताच. फोनवाल्यांनी त्याच्या आत कुणीतरी दुसरी धाकटी बसवली असावी. भाचा म्हणाला, "ते बंद करता येतं, थांब, कुठे असतं ते..."

"राहू दे," थोरली म्हणाली. "ज्याने त्याने पुसायचं आणि मग बटण शोधत बसायचं." तिने फोन परत दिला आणि बहिणीकडे वळली. "तू काढलास ना माझा गाल? आता तूच परत आण."

"निगेटिव्ह कुठायत आता, ताई?"

"ते मला नको सांगूस. पंच्याहत्तरीच्या आत आण."

भाचा हसला. त्याला वाटलं, आईचा नेहमीचा हेका आहे, चार दिवसांत विसरेल. धाकटी हसली नाही. आपली ताई कुठल्या आवाजात काय बोलते, हे तिला भाच्यापेक्षा जास्त वर्षं माहीत होतं.

*

स्टुडिओच्या जागेत आता मातीकामाचा वर्ग चालायचा. काचेमागे पूर्वी नवरा-नवरींचे फोटो असत, तिथे वाडगे आणि फुलदाण्या मांडलेल्या. धाकटी भाजी घेऊन तिथूनच यायची-जायची, पण आत कधी बघायची नाही. त्या आठवड्यात मात्र तिचं लक्ष गेलं. खिडकीजवळ एक माणूस काळ्या ताटलीवर वाकून टोकदार अवजाराने काहीतरी खरवडत होता, आणि काळ्यातून पांढरी मासोळी वर येत होती. धाकटी पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मासोळीला शेपटी आली, खवले आले. मग ती दार ढकलून आत गेली आणि म्हणाली, "मला हे शिकायचंय."

वर्ग चालवणारी बाई तरुण होती. आखूड कापलेले केस, कोपरापर्यंत माती. सगळे तिला मॅडम म्हणत. "याला स्ग्राफितो म्हणतात, काकू," ती म्हणाली. "कच्च्या मातीच्या भांड्यावर वेगळ्या रंगाची पातळ माती फासायची, स्लिप म्हणतो आम्ही तिला. ती जरा सुकली की वरचा थर खरवडायचा. खालचा रंग दिसायला लागतो. पण आधी नुसतं मातीकाम, मग रंग, मग पानं-फुलं, मग हे."

"मला माणसाचं तोंड काढायचंय."

"तोंड?" मॅडम हसली. "तोंड सगळ्यात शेवटी."

"मला शेवटापर्यंत वेळ नाही," धाकटी म्हणाली, आणि एप्रन कुठे टांगलेत ते बघायला लागली.

घरी थोरलीने विचारलं, "काय म्हणतात म्हणालीस त्याला? सग्रा... सगरा?"

"स्ग्राफितो."

"खरवडणं म्हण की सरळ. तुला काय नवीन आहे त्यात?"

नवीन होतं. माती लाटायची, वाडग्यावर उलटी घालून तिला ताटलीचा आकार द्यायचा, कडा ओल्या बोटाने गुळगुळीत करायच्या, हे तिला जमलं. खरी मेख होती वेळेची. माती चामड्यासारखी झाली की खरवडायची. आधी हात घातला तर ती टोकाला लोण्यासारखी लडबडते, उशीर झाला तर रेघेच्या कडेने टवके उडतात. ताटली कधी तयार झाली, हे गालाला लावून बघायचं: गार लागली पण ओल लागली नाही, की बसायचं. आणि धाकटीची जुनी खोड होती फुंकर मारायची. निगेटिव्हवरची धूळ ती अशीच उडवायची.

"काकू, फुंकू नका!" मॅडम खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडायची. "ती भुकटी छातीत जाते! आणि हातानेही झाडू नका, रंग फासला जातो. पडलंय तसं पडू दे. वाळलं की मऊ ब्रशने झाडायचं."

धाकटी ओठ मिटून घ्यायची. दोन रेघा झाल्या की पुन्हा फुंकर.

दिलेल्या अवजारांनी तिचं भागेना. एक दिवस तिने बटणांच्या डब्यातून आपलं पातं आणलं.

"हे कुठून आणलंत?" मॅडमने विचारलं.

"इथलंच आहे," धाकटी म्हणाली. "मी तुमच्या आधीपासून या खोलीत आहे."

*

पहिला प्रयत्न तळहाताएवढ्या फरशीवर होता. खाली पांढरट माती, वर काळी स्लिप. धाकटी वाकली ती दुपार संपेपर्यंत वर आली नाही. संपलं तेव्हा फरशी थोडी लांब धरून बघितली. ताई हुबेहूब उतरली होती. कपाळावरच्या आठ्या, बारीक डोळे, हसताना दिसणारे पुढचे दोन दात. तिने समाधानाने फरशी टेबलावर ठेवली.

शेजारी बसणारा माणूस दातांचा डॉक्टर होता. त्याने मान वाकडी करून बघितलं. "काकू," तो म्हणाला, "हिला घेऊन या माझ्याकडे. सगळे दात किडलेत."

सगळे गोळा झाले आणि हसले. फरशीवर एक काळीकुट्ट बाई होती. केस काळे, दात काळे, आणि मध्ये दोन पांढऱ्याफटक बाहुल्या रोखून बघत होत्या. सुरकुत्या विजेसारख्या लखलखत होत्या. मॅडमनेही तोंडावर हात धरला. "काकू, हे... भुताची गोष्ट आहे का?"

धाकटीला क्षणभर कळेना की हे सगळे कशाला हसताहेत. तिला त्या फरशीत ताई स्वच्छ दिसत होती. आयुष्यभर तिने माणसं अशीच बघितली होती, उलटी, आणि तिच्या नजरेने ती तिथल्या तिथे सुलट करून घेतली होती. मग तिच्या ध्यानात आलं. इथे खरवडलं की पांढरं होतं. इथे ही फरशी कुणी पुढे कागदावर छापणार नव्हतं. जे आहे ते हेच.

तिने ती फरशी तशीच घरी नेली. थोरलीने ती बघितली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "चेटकीणच केलीस की गं! पण केस तरी काळे केलेस, उपकार झाले."

"हसू नकोस. अजून वेळ आहे."

"मी कुठे रडतेय?"

मॅडम मनाची चांगली होती. आपण हसलो याचं तिला वाईट वाटलं असावं; तिने धाकटीकडून निगेटिव्हची सगळी गोष्ट काढून घेतली. पुढच्या खेपेला तिने धाकटीपुढे काळपट तांबड्या मातीची ताटली ठेवली. "काकू, तुमच्या हाताला खरवडलं की काळं व्हायची सवय आहे ना? मग आपण मातीच उलटी करू. गडद माती खाली, पांढरी स्लिप वर. आता खरवडा तुम्हाला हवं तसं."

धाकटीने पातं टेकवलं, आणि हात असा सुटला, जसा जुन्या ओळखीच्या जिन्यावरून उतरताना सुटतो. डोळ्यांची बुबुळं, नाकाखालची सावली, गालांवर बारीक बारीक आडव्या रेघा. थोरलीचे पांढरे केस तर नुसतेच सोडून द्यायचे होते, मधूनमधून एखादी बट. या वेळी कुणी हसलं नाही. दातांचा डॉक्टर म्हणाला, "काकू, मी माझा शब्द मागे घेतो." मॅडमने ताटली दोन्ही हातांनी उचलून स्वतः भट्टीच्या खोलीत नेली. पूर्वी ती स्टुडिओची अंधारी खोली होती. आता तिथे भट्टी होती.

ताटली भाजून, वर पारदर्शक काचेची झिलई चढून पुन्हा भाजून निघाली. धाकटी ती टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आली तेव्हा भाचाही आलेला होता. त्यानेच आधी बघितलं.

"मावशी! काय कमाल केलीस! आई, किती छान दिसतेस बघ. हे तर फोटोच्या शेजारीच लावू."

थोरलीने ताटली मांडीवर घेतली. कपाळावरून बोट फिरवलं, नाकावरून फिरवलं. मग डाव्या गालावर आणून थांबवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "कोण आहे?"

धाकटीने चष्मा काढून पुसला आणि वाकून बघितलं. डावा गाल उजव्या गालासारखाच होता. त्याच बारीक, सारख्या, नीटस रेघा. पांढरी सोडायची ती जागा तिने खरवडून खरवडून बाकीच्या गालात मिसळून टाकली होती. केव्हा, ते तिला आठवतही नव्हतं. एवढं सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं तोच गाल हाताने सवयीने पुसून टाकला, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही.

"अगं पण दिसतंय छान," भाचा म्हणाला. "आणि खरं सांगू का, मावशीने मुद्दाम केलं असेल तर चांगलंच केलं. पाहुणे येणार, उगाच तो डाग कशाला."

"तू जरा चहाचं बघ," थोरली त्याला म्हणाली. तो आत गेल्यावर तिने ताटली टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही, म्हणून धाकटीला जास्त लागलं. "लग्नाचा फोटो हातात आला ना, तेव्हाच मला तो फाडायचा होता. माझ्या शेजारी माझा नवरा एका अनोळखी बाईबरोबर उभा होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी नुकती नोकरी लागली होती. मी बोलले असते तर मालकाने ठेवली असती तुला?"

धाकटीने ताटली उचलली, दार उघडलं आणि बाहेर जिन्यात शेजाऱ्यांचं मांजर बसलेलं असे त्याच्यापुढे ठेवली. ताटलीत दूध ओतलं. मांजराने आधी हुंगलं, मग चाटायला लागलं.

"मावशी!" भाचा चहाचे कप घेऊन उभा होता. "अगं ती भिंतीवर लावायची होती!"

"ती नाही लागणार भिंतीवर," धाकटी म्हणाली. "दुसरी होणार."

*

मॅडमला ते पटेना. "काकू, पहिलीच इतकी सुंदर झाली. मी तर ती आपल्या खिडकीत ठेवायला मागणार होते."

"तिच्यात मांजर दूध पितं."

मग धाकटीने व्रणाची आणि पंच्याहत्तरीची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून मॅडम म्हणाली, "बरं. पण आता भट्टी मोठ्या भांड्यांनी भरायची आहे. तुमच्या बहिणीच्या वाढदिवसाआधीची शेवटचीच ती. तुम्ही आज ताटली केली तर उद्या खरवडायची, म्हणजे वाळायला वेळ नाही. घाईने वाळवली तर तडकेल. आणि तडकली तर शेजारच्या भांड्यांवर टवके उडतील."

"तडकणार नाही. मी पातळ लाटते, प्लास्टिकखाली हळू वाळवते. उद्या माझी बहीणही येईल."

"इथे? कशाला?"

"तोंड घेऊन."

मॅडमने डोळे मिटले आणि उघडले. "काकू, एक करता येईल. व्रणाच्या आकाराचा ओला कागद कापून तेवढ्या जागेवर चिकटवू. वरून कितीही खरवडलंत तरी तेवढी जागा वाचेल. नंतर कागद काढून घ्यायचा. हात चुकायचा प्रश्नच नाही."

युक्ती सोपी होती, हुशारीची होती. मॅडमने पुढे केलेला कागदाचा तुकडा धाकटीने हातात घेऊन बघितला. मग घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "झाकायचं काम पुष्कळ केलं मी. हाताला कळायला हवं की इथे त्याचं काही काम नाही."

दुसऱ्या दिवशी थोरली आली ती पोस्टात जायची तशी, पर्स काखेत घेऊन. तिला खिडकीजवळ स्टुलावर बसवलं. सगळ्यांची नावंगावं विचारून झाली, दातांच्या डॉक्टरला आपली कवळी काढून दाखवून झाली. "हे बघा, किडलेत का?" ती म्हणाली.

"ताई, हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? तोंड हलतंय."

"तेच काढायचंय मला."

धाकटीने आजवर समोर बसलेलं, बोलणारं तोंड कधी काढलं नव्हतं. निगेटिव्ह बोलत नसत. तिने ताटली गालाला लावून बघितली. गार, पण ओल नाही. पातं उचललं. नेहमी ती डोळ्यांपासून सुरुवात करायची, मग नाक, मग ओठ, आणि गाल अगदी शेवटी, हात दमलेला आणि मन दुसरीकडे असताना. आज तिने पातं थेट डाव्या गालावर ठेवलं. आधी व्रणाची कड ओढली. टोकाकडे निमुळती, मग रुंद होत जाणारी, वरच्या बाजूला जरा तुटलेली, कारण तिथे थोरलीने तेव्हा किंचाळून इस्त्री बाजूला घेतली होती. त्या कडेच्या आत काही नाही. बाहेरून रेघा आल्या, कडेपाशी थांबल्या आणि परत फिरल्या.

मधेच हात निसटला. बोलता बोलता थोरलीने मान वळवली, उजेड व्रणावर पडून तो चमकला, आणि धाकटीचं पातं आपसूक आत घुसलं. केसाएवढी एक रेघ. ती तिथेच थांबली. हात वर घेतला, दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं आणि त्याच्याकडे, एखाद्या ऐकत नसलेल्या माणसाकडे बघावं, तशी बघत राहिली.

"काय झालं गं?"

"काही नाही. जुनं गिऱ्हाईक आलं होतं."

"मग सांग, खिडकी बंद झाली," थोरली म्हणाली.

ती रेघ पुसता येत नव्हती. धाकटीने ती तशीच राहू दिली. बाकीचं तोंड मग व्रणाभोवती आलं. आधी गाल, मग गालाची मालकीण. आठ्या आल्या, हनुवटीवरचा चुकार केस आला, डोळे आले. या वेळी फुंकरही मारली नाही. खरवडलेली माती ताटलीवर जशीच्या तशी पडून राहिली, आणि मॅडमने दुरून ते बघितलं.

*

भट्टी उघडली तो दिवस वाढदिवसाचाच होता. ताटली तडकली नव्हती; झिलईला आणि दुसऱ्या भाजणीला मात्र वेळ उरला नव्हता. धाकटीने ती टॉवेलात गुंडाळली आणि तशीच भाच्याच्या घरी गेली.

दिवाणखाना माणसांनी भरला होता. समोरच्या भिंतीवर तो मोठा फोटो लावला होता, वर छोटा दिवा. त्यातली बाई पन्नाशीची दिसत होती आणि अगदी गुळगुळीत होती. धाकटीने टॉवेल सोडला आणि ताटली केकशेजारी टेबलावर ठेवली. भाच्याने पुढे येऊन बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, छान झालीय. खरंच. पण आज नको ना. सगळे बसलेत. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, गालवाल्या बाई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तिच्या तोंडून एवढं एका दमात ऐकायची कुणाला सवय नव्हती. खोलीतले चार जण वळले.

तेवढ्यात दारातून एक म्हातारा आला. काठी, झुकलेली पाठ. थोरलीबरोबर पोस्टात टपाल वाटणारा. त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बघून आदराने मान तुकवली. "तुमच्या मोठ्या बहीण का?" त्याने थोरलीला विचारलं. "कधी गेल्या?"

कुणीतरी हसू दाबलं. भाचा काहीतरी सांगायला पुढे झाला, पण म्हातारा टेबलापाशी पोहोचला होता. ताटली बघून त्याने काठी खुर्चीला टेकवली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. "अरे!" तो म्हणाला. "बाई! तिकिटं संपली म्हणून माझ्यावर ओरडायच्या तेव्हा अशाच दिसायच्या तुम्ही!"

थोरलीने भाच्याकडे बघितलं. तिला बोलायची गरजच राहिली नव्हती. भाचा खुर्ची ओढून तिच्यावर चढला, आणि भिंतीवरचा फोटो उतरवून आतल्या खोलीत ठेवून आला. येताना विचारलं, "मग ताटली लावू का तिथे? खिळा आहेच."

"इतक्यात कशाला टांगतोस मला?" थोरली म्हणाली. तिने केकचा पहिला तुकडा कापला आणि ताटलीत आपल्याच कपाळावर ठेवला. "ती ताटली आहे, तिच्यात खायचं. बारके, तू आधी घे. आणि ती बारीकशी रेघ कसली गं गालात? ती माझी नाही."

"ती माझी आहे," धाकटी म्हणाली. "राहू दे."

थोरलीने डोळे बारीक करून ती रेघ पुन्हा बघितली. "राहू दे," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात धाकटी वर्गाला गेली, तेव्हा मॅडमला वाटत होतं की आता काकू निवांत पानं-फुलं काढतील. धाकटीने एप्रन बांधला, गडद मातीचा गोळा घेतला आणि लाटायला बसली.

"आता काय करताय, काकू?"

"आमचे मालक," धाकटी म्हणाली. "त्यांच्या नाकावर वाटाण्याएवढा मस होता. स्वतःच्या फोटोतून त्यांनी तो माझ्याकडून तीन वेळा काढून घेतला. आता ते वर गेलेत, तक्रार करायला येणार नाहीत." तिने लाटणं खाली ठेवलं आणि पातं हातात घेऊन त्याची धार बघितली. "सुरुवात मसापासून करणार आहे."